‘परत’ नावाची खूण

फुकट मिळणाऱ्या वस्तूचा मला लहानपणापासून संशय येतो, आणि नशिबाची थट्टा अशी की माझी निम्मी उमर फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये गेली. दिलंही फुकट, घेतलंही फुकट. देताना मला काही वाटलं नाही. घेताना मात्र प्रत्येक वेळी मी ती वस्तू उलटीपालटी करून पाहिली, आणि पाहून झाल्यावरही माझं समाधान झालं नाही.

नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस मी इस्राएलच्या दक्षिणेत, बेर-शेव्हात एका लहानशा कंपनीत प्रोग्रॅम लिहीत होते. राहायला डिमोनात, आईजवळ. सकाळी बस, संध्याकाळी बस. आमचं काम कारखान्यांतल्या मोजमापाच्या यंत्रांचं. वजनकाटे, तापमापक, दाबमापक असल्या यंत्रांशी कॉम्प्युटरला बोलता यावं म्हणून मी एक लायब्ररी लिहिली होती. पुस्तकांची नव्हे, दुसऱ्या प्रोग्रॅमरांनी आपल्या प्रोग्रॅमला जोडून घ्यावा असा तयार कोड. ती जगाला खुली करून टाकू का, असं मी मालकाला विचारलं. ‘ही कोण नेणार?’ म्हणत त्याने हसत परवानगी दिली. मग लोक नेऊ लागले. कुठल्या कुठल्या देशांतून ईमेल यायला लागले आणि सगळ्यांचं मागणं एकच: बाई, हे वापरायचं कसं ते नीट लिहा.

नीट लिहायचं म्हणजे नुसतं लिहून भागत नाही. मजकुरात खुणा घालाव्या लागतात: हे शीर्षक, हा नमुन्याचा कोड, ही धोक्याची सूचना. मग एखादं साधन त्या खुणा वाचून त्याच मजकुराची वेबपानं करतं, छापायचं पुस्तक करतं. अशी साधनं तेव्हा ढिगाने होती, सगळी फुकट, आणि एकाचे भक्त दुसऱ्याच्या भक्तांशी ईमेलवर हमरीतुमरीवर आलेले. मी एकेक साधन इंटरनेटवरून उतरवून घेतलं आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला. तो प्रश्न माझा नव्हता, आईचा होता.

आम्ही मुंबईहून इथे आलो तेव्हा मी शाळकरी होते. विमानतळावर कोणीतरी शिक्के मारले, कोणीतरी संत्री दिली, आणि आम्हाला ट्रकमध्ये बसवलं. गाव छान आहे, जवळच आहे, असं सांगितलं होतं. ट्रक चालतच राहिला. शेतं संपली, झाडं संपली, उन्हं कलली, आणि थांबलो तिथे वाळू, एकसारखी घरं आणि वारा. बाकीचे उतरले. आई मांडीवर बोचकं घेऊन तशीच बसून राहिली आणि ड्रायव्हरला मराठीत विचारत राहिली, “ही गाडी परत कवा जाते ते आधी सांग.” त्याला मराठी येत नव्हतं. त्याने हसून तिला हात दिला, ती उतरली, आणि गाडी निघून गेली. त्यानंतर घरात काहीही नवीन आलं, विम्याचा एजंट असो, माझ्यासाठी सांगून आलेलं स्थळ असो की दवाखान्यातला नवा डॉक्टर, आईचा पहिला प्रश्न तोच: गाडी परत कवा जाते? आत शिरणं सोपं असतं, बाहेर कसं यायचं ते आधी विचारावं. इतरांना आईकडून बांगड्या मिळाल्या, मला हा प्रश्न मिळाला.

तर साधनं. एक होतं छापखान्याच्या वळणाचं. पानं अशी देखणी की फ्रेम करून लावावीत. पण आमची हिब्रू उजवीकडून डावीकडे आणि कोड डावीकडून उजवीकडे. दोन्ही एका ओळीत आले की कंस एकमेकांकडे पाठ करून बसत, भांडलेल्या जावांसारखे. शिवाय त्यात घातलेला मजकूर पुन्हा बाहेर काढायचा तर खुणा हाताने उपटाव्या लागणार. दुसऱ्या साधनाचं म्हणणं, तुम्ही कोडातच टिपणं लिहा, आम्ही ती वेचून पुस्तक करतो. ऐकायला गोड. पण असली पुस्तकं मी वाचली होती. ‘बंद करा’ नावाच्या आज्ञेखाली लिहिलेलं असे: ही आज्ञा बंद करते. पत्ता विचारावा आणि माणसाने ‘आमच्या घरी’ म्हणून सांगावं, तसला प्रकार.

तिसरं XML वालं, म्हणजे खुणा एकीच्या पोटात एक ठेवायची ठरीव शिस्त पाळणारं. त्याचा तेव्हा मोठा बोलबाला. त्याच्याबरोबर एक तपासनीस येई, म्हणजे तपासणारा प्रोग्रॅम, आणि तो प्रत्येक खुणेला विचारी: तुझा बाप कोण? या बापाच्या घरात राहायची तुला परवानगी आहे का? एक परिच्छेद चुकीच्या घरात सापडला की अख्खं पुस्तक नापास. मला माझ्या धाकट्या आत्याचं लग्न आठवलं. आम्ही नवे नवे होतो, आणि लग्न नोंदवायच्या कचेरीत आमच्या लोकांना आई कोण, आईची आई कोण, तिची आई कोण, असं खोदून खोदून विचारत होते. पिढ्यान् पिढ्या कोकणात शनिवार पवित्र मानून तेलाचा घाणा बंद ठेवला, आणि इथे येऊन आम्ही ज्यू असल्याचा पुरावा द्या! आत्याने त्या कारकुनाला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी तपासनिसाला तेच ऐकवलं आणि ते साधन पुसून टाकलं.

शेवटी संशयी माणूस करतो तेच मी केलं: घरचं केलं. एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि माझ्या खुणा मीच ठरवल्या. शब्द मराठी, अक्षरं रोमन, आणि प्रत्येक शब्दाआधी ईमेलच्या पत्त्यात असतं ते वाटोळं चिन्ह. इथले लोक त्याला श्त्रुदेल म्हणतात, गुंडाळलेल्या केकवरून. आईला ती चकली दिसली, म्हणून आमच्या घरात चकली. चकली-नाव म्हणजे शीर्षक. चकली-सांभाळ म्हणजे धोका. चकली-बघ म्हणजे अमुक पान पाहा. मराठी का, असं कोणी विचारलं तर मी सांगे की हे शब्द दुसऱ्या कुठल्याच साधनात नसणार, म्हणून टक्कर होत नाही. खरं कारण वेगळं. परक्याने उघडून पाहिलं तरी त्याला त्यातलं ओ की ठो कळू नये.

आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी चकली-परत. यंत्राशी बोलणं झाल्यावर त्याला मोकळं कसं करायचं, ते या भागात. आमचे वजनकाटे जुन्या चालीचे. प्रोग्रॅम त्यांना धरून मध्येच मेला तर काटा तसाच अडकून बसे, आणि कारखान्यात कोणीतरी शिव्या देत जाऊन त्याची वायर उपटत असे. बाकीच्यांच्या पुस्तकांत आत कसं शिरायचं ते पानोपानी, बाहेर कसं पडायचं ते एखाद्या तळटीपेत. माझ्या पुस्तकातलं प्रत्येक प्रकरण ‘परत’ने संपे. छापून येतानाही मी त्या मथळ्याचं भाषांतर केलं नाही, परत तो परतच. पुस्तकातला तेवढा भाग आईचा होता. बाकी कशालाही हात लावा, त्याला लावलेला मला चालणार नव्हता.

मग एके दिवशी ओफाकिम या शेजारच्या गावातून ईमेलने एक दुरुस्ती आली. कोणा मुलीने पुस्तकातली एक चूक सुधारली होती, आणि नवी सूचना घालताना चकली-सांभाळ अगदी जागच्या जागी वापरली होती. मी खुर्चीत ताठ झाले. हिला कसं कळलं? आणि न मागता कोण कोणाचं काम करून देतं? मी तिला बेर-शेव्हाच्या बस स्टँडवर बोलावलं. घरी नाही; आधी बघू तरी कोण आहे. आली ती नुकतीच सैन्यातून सुटलेली, केस आखूड, पाठीवर सैन्यातलीच पिशवी. चेहरा बघताच मला कळलं.

“आमच्यातली का गं तू?” मी मराठीत विचारलं.

“माझी सब्ता अलिबागच्या बाजूची,” ती हिब्रूत म्हणाली. सब्ता म्हणजे आजी. मराठी तिला सगळं समजे, पण बोलायची वेळ आली की तोंडातून हिब्रूच बाहेर पडे. आमची सगळी तरणी पोरं तशीच. “‘सांभाळ’ मला कसं कळणार नाही, दोदा? लहानपणी झाडावर चढले की घरातून तेच ओरडायचे.” दोदा म्हणजे मावशी, आत्या, काकू, जी समोर असेल ती. जगात माझ्या खुणा वाचू शकणारं दुसरं माणूस होतं, आणि ते बसच्या एका टप्प्यावर राहत होतं.

मला फार आनंद झाला. संशय मात्र गेला नाही. तिला आधी बारीकसारीक कामं दिली, मग मोठी दिली. पुस्तकाचं हिब्रू रूप तर तिनेच केलं, आणि माझ्यापेक्षा चांगलं केलं. पण ‘परत’चे भाग मी कायम स्वतः लिहिले. ती लिहू का म्हणून विचारी, आणि मी विषय बदलत असे.

पुढची काही वर्षं सगळ्या देशालाच संशयाची गेली. बसमध्ये बाँब फुटत होते, त्यामुळे चढणाऱ्या प्रत्येकाच्या पिशवीकडे आणि कोटाच्या फुगवट्याकडे सगळे बघत. मीही बघे, आणि माझ्या सावळ्या तोंडाकडे दुसरं कोणी बघे. अशात यरुशलेमच्या एका विद्यापीठातून विचारणा आली. तिथला एक गट संशोधनाला उपयोगी पडणाऱ्या खुल्या लायब्ररी एका ठिकाणी जमवत होता, आणि त्यांना आमची हवी होती. अट एकच: पुस्तक XML मध्ये हवं, त्यांच्या तपासनिसाकडून पास होऊन. ओफाकिमवाली नाचायची तेवढी बाकी राहिली. मी मात्र ते पत्र सावकाश वाचलं. माझ्या घरगुती खुणांविषयी त्यांना इतकं बारीक कसं माहीत? मी तर त्यांना ओळखतही नव्हते.

“तू बोललीस त्यांच्याशी?” मी तिला विचारलं.

“बोलले.”

“आणि मला सांगितलं नाहीस.”

“तू नाही म्हणाली असतीस,” ती म्हणाली.

मी नाहीच म्हटलं. ती दुसऱ्या दिवशी आमच्या घरी डिमोनाला आली, भांडायला. रोश हशानाच्या, म्हणजे आमच्या नव्या वर्षाच्या, आधीचे दिवस होते आणि आई गव्हाच्या चिकाचा हलवा ढवळत होती. तो ढवळताना हात थांबवता येत नाही, त्यामुळे ती पाठमोरीच आमचं भांडण ऐकत होती. मी म्हटलं, आज पुस्तक मागतात, उद्या लायब्ररी मागतील, परवा माझं नाव काढून टाकतील. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. असली म्हण हिला काय कळणार म्हणून मी आणखी चिडले.

ती शांतपणे हिब्रूत म्हणाली, “दोदा, सगळ्या साधनांना तू विचारलंस, बाहेर पडायचा रस्ता कुठे आहे. तुझ्या स्वतःच्या खुणांना विचारलंस कधी? उद्या तुला काही झालं तर हे पुस्तक तुझ्या चकल्यांतून बाहेर काढणार कोण? जगात मी एकटी. आणि मी काही जन्मभर ओफाकिमला बसणार नाही.”

आईचं उलथनं कढईत फिरतच होतं.

“बरोबर इचारते पोरगी,” आई वळून न बघता म्हणाली. “तुझी गाडी परत कवा जाते?”

पोरीचा राग आला होता त्याच्या दुप्पट मला आईचा आला. जन्मभर तिचा प्रश्न मी दुसऱ्यांना विचारत फिरले आणि तिने तो माझ्याच दारात आणून उभा केला. पण प्रश्न चुकीचा नव्हता. मी हलवा ओतायला ताट पुढे केलं आणि म्हटलं, करा काय करायचं ते, पण ‘परत’ गेलं तर मीही गेले.

माझ्या खुणांचं XML करणारा प्रोग्रॅम तिने लिहिला. नाव, बघ, सांभाळ, सगळ्यांना त्या नव्या घरात जागा मिळाली. ‘परत’ला मिळेना. तेव्हा आम्ही दोघी यरुशलेमला गेलो. स्टँडवर रखवालदाराने माझ्या पिशवीतला हलव्याचा डबा उघडून हुंगला, आणि तिथूनच माझं डोकं फिरलेलं. गटाचा प्रमुख गोड बोलणारा निघाला. मला गोड बोलणाऱ्यांची भीतीच वाटते. त्याने कॉफी दिली, हलवा खाल्ला, पुस्तकाची तारीफ केली, आणि मग म्हणाला, “फक्त हा प्रत्येक प्रकरणाचा शेवटचा भाग. आमच्या नियमांत याला जागा नाही, तपासनीस त्याला ओळखत नाही. त्यातला मजकूर आपण टिपांमध्ये टाकून देऊ.”

झालं. आईबापाचं नाव सांगता न आलेलं पोर पुन्हा कचेरीत उभं. मी पिशवी उचलली आणि उठले. तेवढ्यात ओफाकिमवालीने माझं कोपर धरलं.

“मावशी, बस खाली,” ती मराठीत म्हणाली. “गप ऱ्हा. मी बघते.”

‘र’ हिब्रूसारखा घशातला, पण मराठी. इतक्या वर्षांत तिच्या तोंडून मी मराठीचं एक वाक्य ऐकलं नव्हतं. त्या माणसाला कळू नये म्हणून ती बोलली, हे उघड होतं. मी मुकाट्याने बसले. मग तिने त्याच्याकडे वळून हिब्रूत विचारलं, नियमांत भर घालायची सोय आहे ना? आहे, तो म्हणाला. मग ती भर मी घालते, तुम्हाला काही करावं लागणार नाही, ती म्हणाली. तो खूश. आपल्याला काही करावं लागणार नाही म्हटल्यावर कुठलाही प्रमुख खूशच होतो.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसून विचार करत होते. जी पोरगी माझ्यासमोर मराठीत त्याला चकवते, ती त्याच्यासमोर हिब्रूत मला का चकवणार नाही? ती शेजारी झोपली होती, डोकं माझ्या खांद्यावर. खांदा मी हलवला नाही, पण विचारही थांबवला नाही.

आणि थोड्याच दिवसांत तिचा फोन आला, की त्याच गटात तिने नोकरी धरली आहे. यरुशलेमला राहायला जाते आहे. आयुष्यभर एवढे संशय घेतले, त्यातला हा एक खरा निघाला, आणि मला काडीचा आनंद झाला नाही. मी फोन ठेवला आणि रडले. आईने विचारलं तर कांदा म्हणून सांगितलं, आणि घरात त्या दिवशी कांदाच नव्हता.

त्यानंतर आमच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली की मी ती उतरवून घेई आणि प्रत्येक प्रकरणाचा शेवट बघे. ‘परत’ होतं. मला वाटे, या खेपेला राहिलं, पुढच्या खेपेला गळेल. पुढच्या खेपेलाही असे. मग वाटे, लक्ष हटायची वाट बघताहेत.

असं बरंच चाललं, आणि एक दिवस कुठल्याशा दूरच्या देशातून एका माणसाचा ईमेल आला, चांगलाच तापलेला. नद्यांच्या पाण्याची पातळी मोजणारी त्याची एक लायब्ररी होती. ती त्याला यरुशलेमच्या संग्रहात द्यायची होती, पण तपासनीस त्याचं पुस्तक घेत नव्हता. म्हणे, प्रत्येक प्रकरणात ‘परत’ नाही. हे परत म्हणजे कुठल्या तंत्राचं नाव आहे, आणि ते मी का लिहायचं? त्याने यरुशलेमला विचारलं होतं आणि तिथल्यांनी त्याला माझा पत्ता दिला होता.

कोणीतरी माझी टिंगल करतंय, असंच मला वाटलं. मी तो तपासनीस उतरवून घेतला आणि एका पानाचं खोटं पुस्तक करून त्याला दिलं. नापास: ‘परत’ नाही. ‘परत’चा मथळा घातला आणि खाली कोरं ठेवलं. नापास: मथळ्याखाली काही लिहिलेलं नाही. मग यंत्र कसं सोडवायचं ते एका ओळीत लिहिलं. पास.

मी तिला फोन लावला. “हे काय करून ठेवलंस?”

ती हसायला लागली. “भर घालायची होती ना? मर्जीवर ठेवलं असतं तर तू दर आवृत्तीला गळलं का म्हणून बघत बसली असतीस. म्हणून सक्तीचं केलं. नुसतं तुझ्या पुस्तकाला नाही, सगळ्यांना.”

“आणि त्या गोडबोल्याला चाललं?”

“त्याला?” ती म्हणाली. “दोदा, तो सगळीकडे सांगतो की ही त्याचीच कल्पना.”

फोन ठेवून मी बाल्कनीत गेले. आई तिथे भेंड्या पुसत बसली होती. ती आता फार थकली होती, कॉम्प्युटर तिने कधी उघडून पाहिला नव्हता, आणि हे तिला कसं सांगावं ते मला कळेना. मी म्हटलं, दारावर एक तपासनीस आहे. आई कोण, बाप कोण, असं विचारणारा, आपल्या त्या कचेरीतल्यासारखा. जगभरचे लोक आपापली पुस्तकं घेऊन त्याच्याकडे येतात. तो त्यांना आता शेवटी विचारतो, गाडी परत कधी जाते?

“कोनाला इचारतो?”

“सगळ्यांना.”

“आन सांगावं लागतं त्यांना?”

“सांगितल्याशिवाय तो आत घेत नाही.”

तिने हातातली भेंडी पुसली, ठेवली, दुसरी घेतली. रस्त्यापलीकडे, जिथे तेव्हा नुसती वाळू होती, तिथे आता बसचा थांबा आहे. ती तिकडे बघत होती.

“त्या डायवरला असं अडवून कोनी इचारलं असतं तर,” ती म्हणाली.

मी तिच्याजवळ खाली बसले आणि एक फडकं घेतलं. बऱ्याच भेंड्या पुसून झाल्यावर तिचा हात थांबला, आणि तिने माझ्याकडे माझ्याच संशयी नजरेने पाहिलं.

“पन ते खरं लिवतात का?” ती म्हणाली. “लोक काय बी लिवतात. तू बघत जा.”

“बघते,” मी म्हटलं.

आई आता नाही. मी अजून बघते.